ब्लास्टिंगच्या पेटीची निगा राखा, छाती सांभाळा



पाडवा झाला, की मृगाची चाहूल लागेपर्यंत गावोगावच्या वर्कशॉपांत अवजारांची रीघ लागते. कुणाचा नांगराचा फाळ, कुणाची कुळवाची पास, कुणाच्या मोटारीचा क्षार धरलेला पंखा, तर कुणाच्या डिझेल इंजिनचे हेड. पूर्वी गंज आणि जुना रंग काढायचा म्हणजे तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि रॉकेल घेऊन दिवसभर घासत बसावे लागे. आता बाजारच्या गावीही सँड ब्लास्टिंगची पेटी आली आहे. अर्ध्या दिवसाचे काम दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि लोखंड कसे नव्यासारखे निघते.

ही वर्कशॉपे चालवतात ती तुमच्याआमच्या घरचीच मुले. थोरला शेती बघतो, धाकटा आयटीआय करून तालुक्याला वर्कशॉप टाकतो. म्हणून हा विषय शेतीच्या पत्रिकेत घेतला आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका वर्कशॉपात जाण्याचा योग आला. पेटी चांगली विकतची होती. पण डाव्या हातमोज्याला भोक पडलेले, त्यात चिंधी कोंबलेली. दाराची रबरी पट्टी सुटून लोंबत होती. धूळ ओढणारा पंखा ‘आवाज फार करतो’ म्हणून बंद. आणि पेटीत भरलेले काय? तर ओढ्यातली वाळू, चाळून उन्हात वाळवलेली. चालवणारा मुलगा पंचविशीतला. भुवया पांढऱ्या झालेल्या, तोंडाला रुमाल. विचारले, “खोकला येतो का रे?” तर म्हणाला, “सकाळी थोडा येतो धुळीचा. दुपारपर्यंत जातो.”

त्या ‘थोडा येतो’साठीच आजची ही माहिती.

पेटी काम कशी करते?

पेटी म्हणजे पत्र्याचा बंद डबा. समोर बघायला काच, आत दिवा, आणि पुढच्या बाजूला दोन भोकांत बसवलेले लांब रबरी हातमोजे. तळ पाभरीच्या चाड्यासारखा निमुळता असतो. त्यात खरखरीत दाणा साठतो. कॉम्प्रेसरची हवा नोझलमधून जोराने निघते, तळातला दाणा आपल्याबरोबर ओढून घेते आणि मालावर आपटते. गंज सुटतो, दाणा खाली पडतो आणि पुन्हा वापरात येतो. पेटीच्या बाजूला पंखा आणि पिशवी असते. पंखा आतली धुळकट हवा ओढतो, पिशवी धूळ धरून ठेवते.

म्हणजे पेटीची कामे दोन. एक, मालावरचा गंज काढणे. दुसरे, उडालेली धूळ आतच कोंडून ठेवणे. पहिले काम बिघडले तर गिऱ्हाईक ओरडते, लगेच कळते. दुसरे काम बिघडले तर कुणीच ओरडत नाही. माल साफ होतच राहतो, पैसे येतच राहतात आणि धूळ छातीत साठत राहते. म्हणून पेटीची निगा म्हणजे मुख्यतः या दुसऱ्या कामाची निगा, हे पहिल्यांदा मनात पक्के धरा.

वाळू नको म्हणजे नको

नाव सँड ब्लास्टिंग, तेव्हा वाळूच भरायची, असे पुष्कळांना वाटते. इथेच घात होतो. वाळूत गारगोटीचा अंश असतो. गारगोटी म्हणजे स्फटिकरूप सिलिका. वाळूचा कण लोखंडावर आपटला, की फुटतो आणि त्याचा अगदी बारीक भुगा होतो. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकातल्या केसांत, घशात अडकते. ती खाकरून निघते. पण माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक कण दिसतही नाहीत आणि अडकतही नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

तिथे गेलेली गारगोटीची धूळ शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही. तिच्याभोवती वण धरतात. हळूहळू फुप्फुस ताठर होते आणि दम लागू लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेले वण पुसून टाकणारे औषध नाही. धूळ थोडी असेल तर रोग दहा-वीस वर्षांनी दिसतो. पण ब्लास्टिंगसारख्या कामात धूळ फार असली तर पाच-दहा वर्षांत, आणि फारच दाट असली तर काही महिन्यांतही तो माणसाला गाठतो. शिवाय अशा छातीला क्षयाची बाधा लवकर होते. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली.

हे काही नवे ज्ञान नव्हे. ब्रिटनने ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनी मनाई केली. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत होता. तुर्कस्तानात जीनच्या पँटींना जुनाट रूप देण्यासाठी वाळूचा मारा करीत. तिथली तरुण मुले याच रोगाला बळी पडली, तेव्हा २००९ साली तिथल्या सरकारने ती पद्धत बंद केली. दुसऱ्याला ठेच लागली, आपण शहाणे व्हावे.

मग भरायचे काय?

लोखंडाच्या मालाला, म्हणजे फाळ, पास, रिम, अँगल यांना, अॅल्युमिनियम ऑक्साइडचा तपकिरी दाणा चांगला. तो टोकदार आणि कठीण असतो, गंज झटकन कापतो आणि लवकर फुटत नाही. गार्नेटचा दाणाही चालतो. अॅल्युमिनियमचे हेड, कार्बुरेटर, पितळी भाग यांना काचेचे मणी वापरावेत. ते गोल असल्यामुळे मळ काढतात, धातू खात नाहीत.

काही जण विचारतात, “काच तर वाळूचीच करतात, मग ती कशी चालते?” प्रश्न रास्त आहे. काच करताना वाळू वितळते आणि तिचे स्फटिकरूप नाहीसे होते. सिलिकोसिस करते ती स्फटिकरूप सिलिका. मात्र याचा अर्थ काचेची धूळ खुशाल छातीत घ्यावी असा नव्हे. कोणतीही बारीक धूळ वाईटच. त्यातून मालावरचा गंज आणि रंगही त्या धुळीत असतो.

दाणा विकत घेताना पोत्यावरचा मजकूर वाचा. मुक्त सिलिका १ टक्क्याहून कमी, असे लिहिलेले हवे. बिनानावाचे पोते स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. आणि महागाईचे म्हणाल, तर वाळूचा एकदोन फेऱ्यांत पिठासारखा भुगा होतो. चांगला दाणा चाळून चाळून पुष्कळ वेळा चालतो. हिशेब पोत्याचा करू नका, किती माल साफ झाला त्याचा करा.

रोज सकाळी, काम सुरू करण्यापूर्वी

१. कॉम्प्रेसरच्या टाकीचे पाणी काढा. टाकीच्या तळाचा कॉक उघडला, की पाणी निघते. पावसाळ्यात तर ओंजळभर निघेल. हे पाणी दाण्यात गेले, की दाणा ओल्या सिमेंटसारखा गुठळ्या धरतो आणि नोझल अडखळू लागते. लाइनवरचा पाणी धरणारा फिल्टरही रिकामा करा.

२. हातमोजे बोटाबोटांत तपासा. सुईएवढे भोकसुद्धा चालणार नाही. चिंधी, चिकटपट्टी, सायकलचे पंक्चर असले उपाय करू नका. मोजा बदला. जोडी एक शिल्लक ठेवलेलीच बरी. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

३. दाराची रबरी पट्टी चारी बाजूंनी बसलेली आहे का, बोट फिरवून पाहा. चेपलेली, तडकलेली पट्टी बदला.

४. काच पाहा. दाण्याच्या माऱ्याने ती आंधळी होते. आंधळ्या काचेतून दिसत नाही म्हणून मुलगा दार किलकिले करून काम करतो, आणि सगळी धूळ बाहेर येते. काचेच्या आतल्या बाजूला पातळ पारदर्शक पत्रा लावावा आणि तो धूसर झाला की बदलावा. खर्च थोडा, काच वाचते.

५. अर्थिंगची तार पाहा. दाणा घासून पेटीत वीज साठते आणि हाताला झटके बसतात. पेटी आणि कॉम्प्रेसर दोन्हींना पक्के अर्थिंग हवे.

६. धूळ ओढणारा पंखा आधी चालू करा, मगच हवा सोडा. पंखा बंद तर काम बंद.

काम चालू असताना

नोझल कधीही आपल्या हातावर धरू नका. रबरी मोजा असला तरी जवळून बसलेला मारा मोजा फाडून कातडीत शिरतो. माल हातात न मावणारा असेल तर आतल्या जाळीवर टेकवा. लहान वस्तू चिमट्यात किंवा तारेत अडकवून धरा.

हवेचा दाब लोखंडाला साधारण ८० ते ९० पौंड पुरतो. काचेच्या मण्यांना ४० ते ६० पौंड पुष्कळ झाला. दाब वाढवला म्हणजे काम वाढते, ही समजूत खोटी. दाणा फुटतो, धूळ वाढते आणि मालही खराब होतो. नोझल सरळ काटकोनात न धरता जरा तिरके धरा, म्हणजे दाणा सुटलेला गंज घेऊन बाजूला जातो.

पायाचे पायडल दगड ठेवून दाबून ठेवू नका. दार उघडताच हवा तोडणारी कळ ज्या पेटीला असते, ती तार बांधून निकामी करू नका. ‘सारखी अडते’ म्हणून बांधलेली कळ ज्या दिवशी हवी असते, त्या दिवशीच नसते.

काम संपले, की लगेच दार उघडू नका. पंखा चालू ठेवून आत स्वच्छ दिसेपर्यंत थांबा. मिनिट-दोन मिनिटे लागतील. गिऱ्हाईक घाई करील; त्याला बाकावर बसवा, चहा सांगा. दिवसातून वीस वेळा दार उघडणारा माणूस या एका सवयीने पुष्कळ धूळ टाळतो.

आणि अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवू नका. ही सवय फार पसरलेली आहे आणि फार वाईट आहे. कपड्यातली धूळ उडून नाकासमोरच येते. हवेचा झोत डोळ्यात, कानात किंवा जखमेत गेला तर इजा होते. कामाचे कपडे वेगळे ठेवा, घरी जाण्याआधी बदला. त्या कपड्यांवर लेकरू उचलून घेऊ नका.

रुमालाचे काय?

रुमालाने मोठी धूळ अडते, घातक बारीक धूळ अडत नाही. उलट ‘आपण तोंड बांधले आहे’ असा खोटा धीर येतो. दाणा बदलताना, पिशवी झटकताना, पेटी आतून साफ करताना एन-९५ दर्जाचा किंवा त्याहून वरचा मास्क वापरा. तो नाकावर दाबून बसला पाहिजे. दाढी वाढलेली असली तर कडेने हवा शिरते. कानात बोळे घाला, कारण हवेच्या झोताचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर कान जातात.

मात्र ध्यानात ठेवा, मास्क ही शेवटची फळी आहे. पेटी गळकी ठेवून मास्क लावायचा म्हणजे बांध फुटलेला ठेवून दारात पोती रचायची.

आठवड्यातून एकदा

उदबत्तीची परीक्षा करा. पेटी आतून साफ करा, आत तेल-रॉकेलचा माल नाही याची खात्री करा, आणि नुसता धूळ ओढणारा पंखा चालू ठेवा. आता पेटलेली उदबत्ती दाराच्या फटीपाशी, काचेच्या कडेला, मोज्यांच्या कड्यांपाशी बाहेरून धरा. धूर आत ओढला जात असेल तर पेटी ठीक. धूर जागीच रेंगाळला किंवा बाहेर ढकलला गेला, तर पंख्याची ओढ कमी आहे, म्हणजे पिशवी तुंबली आहे.

पिशवी झटकताना पंखा बंद करा, धूळ बसू द्या, मास्क लावा. निघालेली धूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा. ती उकिरड्यावर टाकू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि उकिरड्यावरचे शेवटी आपल्याच शेतात जाते. ओढ्यातही टाकू नका. जमिनीवर पडलेली धूळ कोरड्या झाडूने झाडू नका. आधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा.

दाणा चाळून घ्या. वर खपल्या आणि गंजाचे तुकडे राहतील, ते काढा. खाली पिठासारखा भुगा निघू लागला, की दाणा संपला असे समजून बदला.

होज पाइप बोटांनी दाबून पाहा. वळणाच्या जागी तो आतून झिजतो आणि मऊ लागतो. फुटायची वाट पाहू नका. असे काहीही उघडण्याआधी वीज तोडा, लाइनमधली हवा सोडून द्या आणि काटा शून्यावर आला का ते पाहा.

नोझल आणि हवेची जेट दर आठवड्याला मोजा. बंदुकीत मागे हवेची बारीक जेट असते आणि पुढे नोझल. जेटचे भोक ३ मिलिमीटरचे ४ झाले, तर दिसायला एक मिलिमीटरच वाढले. पण भोकाचे क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर हवेचा खर्च, पावणेदोन पटीहून जास्त होतो. कॉम्प्रेसर धापा टाकू लागतो, विजेचे बिल वाढते आणि काम मात्र कमी होते. नोझल झिजले तर मारा फाकतो. ते अधूनमधून पाव फेरा फिरवून बसवावे, म्हणजे एकाच बाजूने झिजत नाही. कॉम्प्रेसरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहा. तो अडकलेला असेल तर टाकी म्हणजे बाँबच.

शेतीच्या मालाबाबत खास सूचना

तेलकट माल तसाच पेटीत घालू नका. ग्रीस दाण्याला चिकटते आणि सगळा दाणा वाया जातो. पण रॉकेल-पेट्रोलने धुतलेला माल ओला असतानाही घालू नका. आत वाफ साठते आणि एका ठिणगीने भडका उडू शकतो. धुवा, पूर्ण वाळवा, मग घाला.

औषध फवारणीच्या पंपाचे भाग आधी साबणाच्या पाण्याने नीट धुतल्याशिवाय घेऊ नका. सुकलेले विष धुळीबरोबर छातीत जाईल.

अॅल्युमिनियमची बारीक धूळ आणि लोखंडाचा गंज एकत्र साठू देऊ नका. ठिणगी पडली तर हे मिश्रण भयंकर पेटते. अॅल्युमिनियमचा माल घेण्याआधी आणि घेतल्यानंतर पेटी व पिशवी रिकामी करा.

इंजिनच्या भागांची तेलाची भोके, बेअरिंगच्या जागा, आटे हे आधी बुच मारून बंद करा. आत राहिलेला एक चिमूट दाणा नव्याने बांधलेले इंजिन खाऊन टाकतो. ब्लास्टिंगनंतर भाग पाण्याने धुवा, भोकांत ब्रश घाला, वाळवा, आणि लगेच तेलाचा हात किंवा प्रायमर मारा. उघडे पडलेले लोखंड पावसाळी हवेत एका रात्रीत तांबडे होते.

घरी केलेल्या पेटीविषयी

डांबराचे पिंप कापून, काच लावून घरीच पेटी केल्याचे आम्ही पाहिले आहे. हिकमत कौतुकाची आहे. पण पंखा आणि पिशवी नसलेली पेटी म्हणजे अर्धी पेटी. हवेचा झोत आत जातो, ती हवा कुठून तरी बाहेर पडणारच. ती प्रत्येक फटीतून धूळ घेऊन पडते. आधी ओढीचा पंखा आणि चांगली पिशवी बसवा, सगळ्या फटी बंद करा, उदबत्तीची परीक्षा घ्या, मगच वापरा. नाहीतर तारेचा ब्रश बरा. आणि उघड्यावर, अंगणात ब्लास्टिंग तर मुळीच करू नका. शेजारीपाजारी तीच धूळ खातात.

दुखणे-दुखापत झाली तर

दाणा किंवा हवा कातडीत शिरली तर वरून जखम बारीक दिसते, आत मात्र खोल असू शकते. हळद लावून बसू नका, दवाखान्यात जा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

खोकला दोन आठवड्यांवर राहिला, चढ चढताना दम लागू लागला, तर छातीचा फोटो काढून घ्या. आणि डॉक्टरांना आपला धंदा सांगायला विसरू नका. सिलिकोसिस आणि क्षय फोटोत सारखे दिसू शकतात. ‘मी ब्लास्टिंगचे काम करतो, इतकी वर्षे करतो, अमुक दाणा वापरतो’ एवढे सांगितले तर निदान चुकण्याचा संभव कमी होतो. काही त्रास नसला तरी हे काम करणाऱ्याने दरवर्षी छाती तपासून घ्यावी. रोग लवकर कळला तर धुळीपासून दूर होता येते. आणि विडी-सिगारेट ओढत असाल तर ती आजच सोडा.

गिऱ्हाईक म्हणून तुमचेही काम आहे

शेतकरी बंधूंनो, वर्कशॉपात माल टाकायला गेलात, की दोन गोष्टी विचारा. पेटीत दाणा कोणता भरलाय? आणि पंखा चालू आहे का? वाळू वापरणारा चार पैसे कमी घेत असेल, तर ते चार पैसे एखाद्या पोराच्या छातीतून निघतात, हे ध्यानात ठेवा. माल नेण्याची घाई करू नका. बरोबर आणलेली मुले पेटीपासून लांब ठेवा.

त्या मुलाला आम्ही एवढेच म्हणालो, “वाळू आज ओतून टाक, मोजा उद्या आण, पंखा आत्ता चालू कर.” त्याने पंखा आमच्यासमोरच चालू केला. बाकीचे त्याच्या हातात आहे, तसेच तुमच्याही.

हे पत्रक पेटीशेजारच्या भिंतीवर लावून ठेवा. आपल्या शंका आणि अनुभव पत्राने जरूर कळवा.